सरसाची चूल विझवणारे बलवंतराय

तळोदा : उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकू लागला, की दिवसभर उघड्यावर उभ्या असलेल्या चारचाकी गाड्यांच्या बारीकसारीक तक्रारी सुरू होतात. दाराचे हँडल ओढताना हातात हलते, आतल्या बाजूचे आवरण सुटते, काचेजवळची रबरी पट्टी लोंबू लागते. सुटा भाग मागवायचा तर वाट पाहावी लागते आणि एवढ्याशा कामासाठी गाडी मोठ्या गावाला न्यायची कोणाची तयारी नसते. अशा वेळी तळोद्यासारख्या तालुक्याच्या गावातील गाडीमालक सरळ हार्डवेअरचे दुकान गाठतो. दोन नळ्यांचे अ‍ॅरल्डाइट, नाही तर मळून लावायचे एम-सील, किंवा अगदीच घाई असली तर फेव्हिक्विकची बोटभर ट्यूब घेऊन तो घरी परततो आणि ओट्यावर बसून दुरुस्तीला लागतो. भारतात ही तिन्ही नावे आज एकाच कंपनीच्या पंखाखाली आहेत. त्या पिडिलाइट कंपनीचे संस्थापक बलवंतराय कल्याणजी पारेख यांचे २५ जानेवारी २०१३ रोजी निधन झाले. त्याला एका तपाहून अधिक काळ लोटला. त्यांचे फेव्हिकॉल घराघरांत पोचले, बोलीभाषेत म्हणीसारखे रुळले; मात्र ते करणाऱ्या माणसाचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे.

तळोद्याला या माणसाची आठवण व्हावी, याला आणखीही एक कारण आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव एके काळी खानदेशातील इमारती लाकडाची मोठी बाजारपेठ होते. डोंगरातून उतरलेले लाकूड येथे विकले जाई आणि येथील सुतारांनी घडवलेल्या बैलगाड्या साऱ्या खानदेशात उत्तम समजल्या जात. ब्रिटिश काळातील गॅझेटियरकारांनीही त्याची नोंद घेतली आहे. त्या गाड्यांच्या जोडकामात चिकटद्रव्याला फारसे स्थान नव्हते. खाच पाडायची, तीत कुसू बसवायचा, पाचर ठोकायची आणि चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवायची. सांधा लाकडाच्या लाकडाशी झालेल्या घट्ट मिठीवर उभा राही. पण खुर्ची, कपाट, देव्हारा, पाळणा अशा घरगुती कामाला मात्र सरस लागे. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला हा सरस वड्यांच्या रूपात मिळत असे. सुताराने काम सुरू करण्याआधी चूल पेटवायची, सरस पाण्यात भिजवून मंद आचेवर वितळवायचा, त्याचा उग्र दर्प सोसायचा आणि तो गरम असेतोवर घाईने सांधा जोडायचा. थंड झाला की पुन्हा चूल. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच सरस मऊ पडे, त्यावर बुरशी चढे आणि खुर्चीचा पाय पुन्हा डगमगू लागे. शाकाहारी घरांतील देव्हाऱ्याला तो लावावा की नाही, हा प्रश्न वेगळाच. बलवंतरायांनी जे केले त्याचे मोल समजायचे असेल तर आधी सुताराच्या शेजारची ही चूल डोळ्यांसमोर आणावी लागते.

त्यांचा जन्म १९२५ मध्ये सौराष्ट्रातील महुवा या गावी एका जैन कुटुंबात झाला. महुवा तेव्हा भावनगर संस्थानात होते. समुद्राजवळचे, नारळी-बागांचे आणि लाकडी खेळण्यांच्या कारागिरीसाठी ओळखले जाणारे हे गाव. पारेखांचे आजोबा न्यायदंडाधिकारी होते. घराण्याला कायद्याची परंपरा आणि घरच्यांची अपेक्षाही तीच. शालेय शिक्षण गावी आटोपून हा मुलगा पुढील शिक्षणासाठी मुंबईला आला. परंतु १९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव आंदोलनाची ठिणगी पडली आणि त्या वयाच्या असंख्य तरुणांप्रमाणे त्यानेही पुस्तके मिटली. तो महुव्याला परतला, विद्यार्थ्यांच्या संघटनेत आणि समाजकार्यात रमला. आंदोलनाचा भर ओसरल्यानंतर मुंबईत येऊन त्याने शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. पदवी हाती आली, पण वकिलीचा काळा कोट काही अंगावर चढला नाही. गांधीजींच्या विचारांचा पगडा असलेल्या या तरुणाला न्यायालयातील खऱ्या-खोट्याची ओढाताण मानवणारी नव्हती.

सनद बाजूला ठेवणे हा निर्णय ऐकायला उदात्त वाटतो. प्रत्यक्षात त्याची किंमत रोजच्या जेवणात मोजावी लागते. विद्यार्थिदशेतच कांताबेन यांच्याशी विवाह झालेला. मुंबईत डोक्यावर छप्पर नाही. सुरुवातीला एका रंगाई व छपाईच्या कारखान्यात नोकरी मिळाली, तीही मनाजोगी नव्हती. पुढे एका लाकूड व्यापाऱ्याच्या कार्यालयात ते शिपाई म्हणून लागले. कायद्याचा पदवीधर शिपाई! राहण्याची सोय त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत झाली आणि पारेख पती-पत्नींनी लाकडाच्या राशींच्या सोबतीने संसार थाटला.

पुढच्या यशाच्या कथा सांगताना हा काळ दोन ओळींत उरकण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. लाकडाच्या वखारीत राहणारा माणूस लाकूड विकत घेणाऱ्यांना जितक्या जवळून पाहतो, तितके एखाद्या रसायन कंपनीचा व्यवस्थापक कधीच पाहू शकत नाही. कोणते लाकूड ओले आहे, कोणते वाळल्यावर पिळवटेल, कोणता सुतार उधारीवर माल नेतो आणि गिऱ्हाइकाकडून पैसे यायला उशीर झाला की तोंड चुकवतो, हे सारे तेथे रोजच्या व्यवहाराचा भाग असते. फर्निचरच्या धंद्यात सांधा सुटला की दोष लाकडाचा नसतो, चिकटद्रव्याचा नसतो, तो सुताराचा ठरतो आणि फुकट दुरुस्तीही त्यालाच करून द्यावी लागते. पुढे बलवंतरायांच्या मालाच्या विक्रीचा सारा डोलारा नेमका या एका गोष्टीवर उभा राहिला.

शिपायाच्या नोकरीतून ते बाहेर पडले ते व्यापारात. एका भागीदाराच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी परदेशातून सायकली, सुपारी, कागद रंगवण्याचे रंग असा मिळेल तो माल आयात करण्यास प्रारंभ केला. हळूहळू बस्तान बसले, वखारीतून शीव येथील घरात बिऱ्हाड गेले, धाकटे भाऊ सुशील यांची साथ मिळाली. त्यानंतर फेडको या संस्थेतील भागीदारीमुळे त्यांचा संबंध जर्मनीच्या होएक्स्ट या बलाढ्य रसायन कंपनीशी आला. १९५४ मध्ये होएक्स्टच्या निमंत्रणावरून त्यांनी जर्मनीचा दौरा केला. जवळपास महिनाभराच्या या मुक्कामात त्यांनी कारखाने पाहिले, प्रयोगशाळा पाहिल्या आणि युद्धात बेचिराख झालेला देश रसायनांच्या जोरावर पुन्हा कसा उभा राहत आहे, हेही पाहिले.

त्याच सुमारास मुंबईत सात रस्त्याजवळ, म्हणजे जेकब सर्कल येथे, पारेख डायकेम या नावाने छोटेखानी उत्पादन सुरू झाले. परिसर गिरण्यांचा. कापडाच्या छपाईसाठी लागणारे रंग व रंगद्रव्यांची इमल्शने हा पहिला माल. इमल्शन म्हणजे एका द्रवात न विरघळणाऱ्या पदार्थाचे सूक्ष्म कण तरंगत ठेवणे. दूध हे त्याचे ओळखीचे उदाहरण. कापडाच्या रंगांसाठी हे तंत्र हाती आले होते. तेच तंत्र लाकूड जोडण्याच्या कामी वापरता येईल, ही उडी मात्र वखारीत राहिलेल्या माणसालाच सुचण्याजोगी होती.

१९५९ मध्ये पांढरे, दुधासारखे दिसणारे चिकटद्रव्य बाजारात आले. नाव ठेवले फेव्हिकॉल. हे नाव आकाशातून पडलेले नव्हते. जर्मनीत मोव्हिकॉल नावाचे असेच उत्पादन होते आणि त्याच्या धर्तीवर हे नाव घडले. जर्मन कोल या शब्दाचा अर्थ जोडणारा, बांधणारा असा सांगितला जातो. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करायला हवी. हे रसायन बलवंतरायांचा शोध नव्हे. त्याच्या मुळाशी असलेल्या व्हिनाइल अ‍ॅसिटेटवर फ्रिट्झ क्लाट्टे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच काम केले होते आणि पाश्चात्त्य देशांत अशी पांढरी चिकटद्रव्ये रुळलेली होती. पारेखांचे कर्तृत्व ते येथील हवेत, येथील लाकडावर आणि येथील सुताराच्या खिशाला परवडेल अशा रीतीने उभे करण्यात आहे. त्यांच्या चरित्राला संशोधकाचा मुलामा देण्याची गरज नाही.

या पांढऱ्या द्रव्याची कार्यपद्धती सोपी आहे. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. सांध्यावर ते लावले की पाणी लाकडात शोषले जाते, काही उडून जाते. मागे राहिलेले कण एकमेकांत मिसळून लाकडाच्या रंध्रांत घुसलेला एक सलग, पारदर्शक पापुद्रा तयार करतात. नीट जुळवलेला, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलेला सांधा वाळल्यानंतर तोडू गेल्यास बहुधा लाकूड फाटते, सांधा तसाच राहतो. ना चूल, ना दर्प, ना घाई. डबा उघडा, ब्रशने अथवा बोटाने लावा, दाबून ठेवा. सकाळी सरस शिजवण्यात जाणारा वेळ वाचला आणि मजुरीवर जगणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने वाचलेला वेळ म्हणजे रोकड पैसा.

तरीही सुतार लगेच बदलला नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या सरसाने बापाने कामे केली, तो टाकून दुधासारख्या पातळ पदार्थावर आपली अब्रू का टांगावी, असे त्याला वाटणे साहजिक होते. दुकानदारालाही नव्या मालात रस नव्हता. तेव्हा कंपनीने दुकानदाराला ओलांडून थेट सुताराचा उंबरठा गाठला. विक्रीला निघालेल्या माणसांनी फर्निचरच्या कामांवर जायचे, सुताराच्या हातात डबा द्यायचा, सांधा जोडून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो त्यालाच तोडून पाहायला सांगायचा. एकदा सुतार मागू लागला की दुकानदार माल ठेवणारच, हे गणित त्यामागे होते. घरमालकाला डब्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निर्णय सुताराचा होता. पुढे कंपनीने सुतारांसाठी फर्निचरच्या नमुन्यांची चित्रमय पुस्तके काढली. गिऱ्हाईक पुस्तक चाळून बोट ठेवी आणि सुतार तसे कपाट उभे करी. महाराष्ट्रातील लहान-मोठ्या गावांत या पुस्तकांची पाने हाताळून काळी पडलेली अनेकांनी पाहिली असतील. साठ-सत्तरच्या दशकांत प्लायवूड आणि वर चिकटवायचे सनमायका शहरांतून गावांत पोचले. या दोन्ही गोष्टींत खिळ्यापेक्षा चिकटद्रव्याचे काम मोठे होते. काळाची साथ मिळाली, हेही मान्य करावे लागेल.

मुंबईत अंधेरीच्या कोंडिविटा भागात १९६३ मध्ये आधुनिक कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये व्यवसायाला मर्यादित कंपनीचे रूप आले. कालांतराने पिडिलाइट इंडस्ट्रीज हे नाव स्वीकारण्यात आले आणि १९९३ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. रायगड जिल्ह्यातील महाडच्या औद्योगिक वसाहतीतही तिचे उत्पादन सुरू झाले. या वाटचालीत बंधू सुशील आणि नरेंद्रकुमार, चिरंजीव मधुकर व अजय अशी घरातील माणसे सोबत होती. २०१२ मध्ये फोर्ब्जच्या भारतीय अब्जाधीशांच्या यादीत वखारीतल्या या शिपायाचे नाव झळकले.

जाहिरातींविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे थोडक्यातच पुरे. विरुद्ध दिशांना जोर लावणारे दोन हत्ती आणि मधला न सुटणारा गोळा हे बोधचिन्ह सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके याने जर्मनीत घोड्यांच्या साह्याने केलेल्या प्रसिद्ध निर्वात प्रयोगाची आठवण करून देते. ओगिल्वी या जाहिरात संस्थेने, आणि पुढे तेथील पीयूष पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हत्तींच्या जोडीला खेडेगावातील माणसे, कोंबडी, मासे पकडणारा, खचाखच भरलेली बस अशी अस्सल देशी चित्रे आणली. बसच्या जाहिरातीला कान येथील महोत्सवात पारितोषिकही मिळाले. त्यात सुंदर चेहरे नव्हते, गुळगुळीत दिवाणखाने नव्हते. माल ज्याच्या हातात जायचा, त्याच्याच जगातील विनोद होता आणि आपल्याला हसले जात नसून आपल्याबरोबर हसले जात आहे, हे त्याला कळत होते.

लाकडापलीकडे

पांढऱ्या फेव्हिकॉलच्या मर्यादा कंपनीला प्रथमपासून ठाऊक होत्या. पाण्याचा संपर्क आला की त्याचा थर मऊ पडतो. त्यामुळे स्वयंपाकघर व न्हाणीघराच्या कामांसाठी पाण्याला दाद न देणारे फेव्हिकॉल मरीन आले. रेक्झिन, रबर, फोम यांच्यासाठी पिवळसर, पटकन सुकणारे फेव्हिकॉल एसआर आले. गाड्यांच्या गाद्या शिवणारे कारागीर हेच दुसरे वापरतात. क्षणात पकडणारे फेव्हिक्विक घराच्या खणात जाऊन बसले. २००० मध्ये महिंद्र समूहाकडून एम-सील विकत घेतले गेले. अ‍ॅरल्डाइट मात्र बलवंतरायांच्या हयातीतले नव्हे. ते हंट्समन कंपनीच्या भारतातील व्यवसायाबरोबर २०२० मध्ये आले. पण प्रत्येक पदार्थाला त्याच्या जातीचे चिकटद्रव्य हवे, ही शिस्त त्यांनीच घालून दिलेली होती. घरोघरी होणाऱ्या दुरुस्त्या फसतात त्या बहुधा ही शिस्त मोडल्यामुळे.

गाडीच्या दाराचे ढिले हँडल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. घरात डबा आहे म्हणून त्यावर पांढरे फेव्हिकॉल लावणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. लाकूड पाणी शोषते म्हणून ते तेथे धरते. पत्रा व प्लास्टिक पाणी शोषत नाहीत. मधला थर दिवसेंदिवस ओला राहतो आणि वाळलाच तर पहिल्या पावसात सुटतो. फेव्हिक्विकची गोष्ट उलटी. सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचे हे द्रव्य पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्याने काही सेकंदांत घट्ट होते. अमेरिकेत हॅरी कूव्हर याच्या प्रयोगशाळेत १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणींसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ते हाती लागले आणि सगळ्याच वस्तूंना चिकटते म्हणून आधी बाजूला टाकले गेले, ही त्याची जन्मकथा. ओढ सरळ आणि भाग तंतोतंत जुळणारे असतील तर त्याची पकड जबर असते. परंतु थर ठिसूळ, मधली फट भरण्याची ताकद नाही आणि काळ्या प्लास्टिकवर पांढुरका डाग उरतो. दिवसातून दहा-वीस हिसके सोसणाऱ्या हँडलला ते फार दिवस पुरत नाही.

येथे कामी येते ते दोन भागांचे इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅरल्डाइटच्या जातीचे. रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या नळ्यांत असतात. वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात एकत्र येताच त्यांची रासायनिक अभिक्रिया सुरू होते आणि काही काळाने कडक, फट भरून काढणारा थर तयार होतो. मात्र लावण्याआधी जुना चिकटा खरवडायचा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरबरीत करायचे, स्पिरिटने तेलकटपणा पुसायचा. निम्म्या दुरुस्त्या येथेच फसतात. जोडलेला भाग चिकटपट्टीने आवळून रात्रभर दार न उघडता ठेवावा. पूर्ण ताकद यायला दुसरा दिवस उजाडतो. भाग तुटून खळगा पडला असेल तर एम-सीलचे दोन रंग एकजीव होईतो मळून तो भरता येतो. पॉलिप्रॉपिलीनसारख्या मेणचट प्लास्टिकला यांपैकी काहीच धड चिकटत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आणि सर्वांत आधी दाराचे आतील आवरण काढून पाहावे. पुष्कळदा आतला एखादा स्क्रू सैल झालेला असतो. तो आवळला की चिकटद्रव्याची गरजच उरत नाही. आतील स्प्रिंग, तार किंवा कुलपाची दांडी तुटली असेल तर तो भाग बदलण्याला पर्याय नाही. चिकटद्रव्याचा थेंब कुलपाच्या यंत्रणेत गेला तर दार अडकू शकते आणि अपघाताच्या वेळी न उघडणारे दार जिवावर बेततो असा धोका आहे. दहा रुपयांच्या ट्यूबने वाचवलेले पैसे तेथे महाग पडतात.

नकाशा आणि भूप्रदेश

उद्योगपती म्हणून पारेखांची ओळख पुरेशी झाली. वाचक म्हणून ती फारशी झाली नाही. तरुणपणीचा गांधीविचार त्यांनी सोडला नव्हता, पण उत्तरायुष्यात त्यांना जनरल सिमँटिक्स या विचारशाखेने ओढून घेतले. पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले आल्फ्रेड कोर्झिब्स्की हे तिचे प्रणेते. त्यांचा मुख्य ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. नकाशा म्हणजे प्रत्यक्ष भूप्रदेश नव्हे आणि शब्द म्हणजे ती वस्तू नव्हे, हा त्याचा गाभा. माणसे शब्दांनाच वस्तू समजून भांडतात, घाबरतात, फसतात. म्हणून शब्दामागची वस्तू तपासून पाहावी, असा या विचाराचा आग्रह आहे. बलवंतरायांना तो इतका भावला, की २००९ मध्ये बडोद्यात त्यांनी त्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. व्याख्याने, कार्यशाळा, प्रकाशने असा त्याचा व्याप वाढला. अमेरिकेतील जनरल सिमँटिक्स संस्थेने २०११ मध्ये टॅल्बट विन्चेल पुरस्कार देऊन त्यांच्या या कामाची दखल घेतली. रसायनांच्या व्यापाऱ्याने वयाच्या ऐंशीनंतर तत्त्वज्ञानाचे केंद्र काढावे, हे अनेकांना विक्षिप्त वाटले असेल. काळा कोट न घातलेल्या विधी पदवीधराला ते वाटले नसावे. खऱ्या-खोट्याचा हिशेब त्याच्या मनात तेव्हापासूनच चालू होता.

गंमत अशी, की शब्द आणि वस्तू यांतील हा घोळ त्यांच्याच मालाने देशभर घालून ठेवला होता. कोणत्याही कंपनीचे पांढरे चिकटद्रव्य मागताना गिऱ्हाईक फेव्हिकॉल हाच शब्द उच्चारू लागले. ब्रँडच्या दृष्टीने यासारखे भाग्य नाही आणि यासारखे संकटही नाही. मिळतीजुळती नावे, तसेच निळे-पांढरे डबे, आत पातळ केलेला माल असे प्रकार बाजारात वाढले आणि नावाच्या रक्षणासाठी कंपनीला वेळोवेळी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. वकिली नाकारलेल्या माणसाच्या कंपनीला वकिलांची अशी गरज पडावी, हा योगच म्हणायचा. नकली डब्यातील द्रव्याने सांधा सुटला तर घरमालक बोल लावतो तो पुन्हा सुतारालाच. म्हणूनच डब्याचे सील सुतारानेच पाहून फोडावे, हा धडा जुने कारागीर शिकाऊ पोरांना आजही पहिल्या आठवड्यात देतात.

महुवा गावाशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. तेथे शाळा, महाविद्यालय, रुग्णालय यांच्या उभारणीला त्यांनी हात दिला. भावनगरच्या विज्ञान नगरी प्रकल्पाला देणगी दिली. गुजरातच्या सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासासाठी दर्शक फाउंडेशन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. प्रसिद्धीच्या झोतात उभे राहण्याची हौस त्यांना नव्हती. कंपनीच्या जाहिरातींत मालकाचा चेहरा कधी दिसला नाही. तेथे सुतार, ट्रकचालक आणि गावकरी दिसत राहिले.

कंपनीची सूत्रे त्यांच्या पुढच्या पिढीकडे गेली आणि २०१५ मध्ये भरत पुरी यांच्या रूपाने प्रथमच कुटुंबाबाहेरील व्यक्ती व्यवस्थापकीय संचालकपदी आली. तळोद्यात बैलगाड्या घडवणाऱ्यांचे दिवस ओसरले. मेवासी वनविभागाचे कार्यालय गावात आहे; डोंगरातून सर्रास लाकूड उतरण्याचा काळ मात्र संपला. आता सुतारांच्या हातात सागाच्या फळ्यांपेक्षा प्लायवूडचे तुकडे अधिक असतात. रंधा आहे, पटाशी आहे, जोडीला विजेवर चालणारी करवत आली आहे. सरसाची हंडी कोठेही दिसत नाही आणि तिशीच्या आतील सुतारांना सरस हा शब्द चिकटद्रव्याच्या अर्थाने बहुधा ठाऊकही नसतो.